सागरावरचे घर : लेडी ॲना ब्रॅसी यांचा जीवनप्रवास

मुंबईचा विलिंग्डन क्लब, सांगलीचे विलिंग्डन महाविद्यालय आणि दिल्लीच्या लोदी उद्यानाचे स्वातंत्र्यपूर्व नाव असलेले लेडी विलिंग्डन पार्क ही नावे जुन्या पिढीला चांगलीच परिचित आहेत. १९१३ ते १९१८ या काळात मुंबई प्रांताचे गव्हर्नर आणि १९३१ ते १९३६ या काळात भारताचे व्हाइसरॉय राहिलेल्या लॉर्ड विलिंग्डन आणि त्यांच्या पत्नी मेरी यांचे ते स्मरण होय. मात्र याच मेरी त्याआधी पाव शतकाहून अधिक काळ, १८८७ च्या हिवाळ्यात, ११ वर्षांची मुलगी म्हणून आपल्या आई-वडिलांबरोबर भारतात आल्या होत्या, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. त्या भेटीनंतर अवघ्या काही महिन्यांत त्यांच्या आईचे भर समुद्रात निधन झाले आणि हिंदी महासागरातच त्यांना अखेरचा निरोप देण्यात आला.

त्या माता म्हणजे लेडी ॲना ब्रॅसी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजी वाचणाऱ्या जगात त्यांचे नाव घरोघरी पोहोचले होते. पती थॉमस ब्रॅसी आणि मुले यांच्यासह शिडाच्या नौकेवर संसार थाटून त्यांनी जगाचे किनारे पाहिले आणि ते सामान्य वाचकांपर्यंत पोहोचविले. आश्चर्याची गोष्ट अशी, की ज्या समुद्राला त्यांनी घर मानले, तो समुद्र त्यांच्या प्रकृतीला कधीच मानवला नाही. इंग्लंडचा थंड, दमट हिवाळा त्यांच्या छातीला सोसत नसे, आणि उबदार किनाऱ्यांवरील ताप त्यांची पाठ सोडत नसे. या दोहोंच्या मध्ये त्यांचे आयुष्य हेलकावत राहिले.

बालपण आणि विवाह

ॲना ऑलनट यांचा जन्म ७ ऑक्टोबर १८३९ रोजी लंडनमध्ये झाला. आईचे छत्र फार लवकर हरपल्याने त्यांचे बालपण क्लॅपहॅम येथील आजोबांच्या घरी आणि पुढे वडिलांच्या सहवासात गेले. वडील जॉन ऑलनट यांच्याशी त्यांचे नाते अत्यंत जिव्हाळ्याचे होते. पुढील काळात दूरदेशीहून त्या वडिलांना सविस्तर पत्रे लिहीत असत. याच पत्रांतून त्यांची लेखणी घडली आणि त्यांची पुस्तकेही त्यातूनच आकाराला आली.

तारुण्यात त्यांच्यावर एक जीवघेणा प्रसंग ओढवला. त्याकाळच्या रीतीप्रमाणे परिधान केलेल्या घेरदार झग्याने पेट घेतला आणि त्या गंभीररीत्या भाजल्या. त्यातून सावरण्यास त्यांना सुमारे ६ महिने लागले. आजारपण म्हणजे काय आणि शुश्रूषेचे मोल किती, याचा धडा त्यांना असा स्वतःच्या देहावरच मिळाला होता.

९ ऑक्टोबर १८६० रोजी त्यांचा विवाह थॉमस ब्रॅसी यांच्याशी झाला. थॉमस यांचे वडील, ज्यांचे नावही थॉमस ब्रॅसी असेच होते, हे त्या शतकातील सर्वांत मोठे रेल्वे कंत्राटदार. ब्रिटनसह अनेक खंडांत त्यांनी लोहमार्ग उभारले. भारतातील काही मार्गांच्या बांधणीतही त्यांचा सहभाग होता. त्यांच्या निधनानंतर, १८७० मध्ये, मुलाच्या वाट्याला मोठी संपत्ती आली. थॉमस यांनी मात्र वडिलांचा व्यवसाय पुढे न चालविता राजकारणाचा मार्ग पत्करला. १८६८ पासून ते हेस्टिंग्ज या समुद्रकाठच्या नगराचे संसदेत प्रतिनिधित्व करीत होते. नाविक खात्याच्या प्रशासनातही त्यांनी पुढे जबाबदारीची पदे सांभाळली.

थॉमस यांना खरी ओढ होती ती समुद्राची. पैसे देऊन कप्तान ठेवावा आणि आपण प्रवासी म्हणून बसावे, हे त्यांना मान्य नव्हते. त्यांनी रीतसर परीक्षा देऊन कप्तानपदाचे प्रमाणपत्र मिळविले. हौसेने नौका बाळगणाऱ्यांमध्ये असे प्रमाणपत्र परीक्षा देऊन मिळविणारे ते पहिले मानले जातात.

लेकीच्या नावाची नौका

या दांपत्याला एकूण ५ अपत्ये झाली. विवाहानंतरच्या पहिल्या दशकातच त्यांचे लहान-मोठे सागरप्रवास सुरू झाले होते. १८७२ मध्ये ते अटलांटिक ओलांडून कॅनडा आणि अमेरिकेपर्यंत जाऊन आले. परंतु पुढच्याच वर्षी घरावर आघात झाला. कॉन्स्टन्स ही त्यांची लहानगी मुलगी स्कार्लेट फीवर या तापाने दगावली. त्यावेळी या रोगावर परिणामकारक औषध नव्हते आणि श्रीमंत-गरीब असा भेदही तो करीत नसे.

कॉन्स्टन्सला घरात लाडाने सनबीम, म्हणजे सूर्यकिरण, असे म्हणत. १८७४ मध्ये लिव्हरपूलजवळील गोदीत ब्रॅसी दांपत्याची नवी नौका पाण्यात उतरली, तेव्हा तिला हेच नाव देण्यात आले. नौकेच्या नाळेवर बसविलेली सोनेरी बालमूर्तीही त्या मुलीचीच आठवण जागवीत होती. ही मूर्ती आज लंडनमधील ग्रिनिच येथील राष्ट्रीय सागरी संग्रहालयात जतन करण्यात आली आहे.

सनबीम ही ३ डोलकाठ्यांची, सुमारे १६० फूट लांबीची आणि नौकामापनाच्या तत्कालीन पद्धतीनुसार ५३२ टनांची नौका होती. तिच्यात साहाय्यक वाफेचे यंत्रही होते. परंतु वारा पडला असता, बंदरात शिरताना किंवा अरुंद सामुद्रधुनीतून जातानाच त्याचा आधार घ्यावा, हा थॉमस यांचा दंडक होता. कोळसा जाळून पुढे जाण्यापेक्षा वाऱ्याची वाट पाहणे त्यांना अधिक रुचत असे.

पृथ्वीप्रदक्षिणा

१८७६ च्या जुलैमध्ये सनबीम इंग्लंडच्या किनाऱ्यावरून निघाली. नौकेवर ब्रॅसी दांपत्य, त्यांची ४ मुले, काही स्नेही, खलाशी आणि नोकरचाकर मिळून ४० हून अधिक माणसे होती. सर्वांत धाकटी मेरी त्यावेळी जेमतेम सव्वा वर्षाची होती. मदेइरा, कॅनरी बेटे, केप व्हर्दे, रिओ द जानेरो, ब्यूनस आयर्स, मॅगेलनची सामुद्रधुनी, चिली, ताहिती, हवाई, जपान, चीनचा किनारा, सिंगापूर, पिनांग, श्रीलंका, एडन आणि सुएझ कालवा असा मार्ग आक्रमून ती १८७७ च्या मे महिन्यात मायदेशी परतली. एकूण ३५ हजारांहून अधिक सागरी मैलांपैकी निम्म्याहून अधिक अंतर शिडांच्या बळावर कापले गेले होते.

हा प्रवास सुखाचाच होता असे मात्र नाही. प्रारंभीच्या दिवसांतच एक प्रचंड लाट नौकेवर चढून आली आणि डेकवर असलेली मुले थोडक्यात बचावली. थोरली मुलगी मॅबेल ज्यांच्याजवळ बसली होती, त्या अनुभवी कप्तान लेकी यांनी हाताला दोर गुंडाळून स्वतःला आणि तिला सावरले. पुढे सप्टेंबरमध्ये, दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ, त्यांना मंक्सहेवन नावाचे जहाज संकटात सापडलेले दिसले. त्यातील कोळशाने आतल्या आत पेट घेतला होता. सनबीमने त्यावरील १५ जणांना आपल्याकडे घेतले. दाटीवाटीच्या नौकेत अचानक १५ तोंडे वाढली, पाण्याचे आणि अन्नाचे वाटप काटेकोर करावे लागले. परंतु सर्वांचे प्राण वाचले.

या प्रवासाचा वृत्तान्त १८७८ मध्ये 'अ व्हॉयेज इन द सनबीम' या नावाने ग्रंथरूपात प्रसिद्ध झाला आणि ॲना ब्रॅसी यांचे नाव सर्वतोमुखी झाले. पुस्तकाच्या अनेक आवृत्त्या निघाल्या, युरोपातील विविध भाषांत अनुवाद झाले आणि शालेय विद्यार्थ्यांसाठी संक्षिप्त आवृत्तीही काढण्यात आली. समुद्रप्रवासाची पुस्तके तोवर बहुधा कप्तान, संशोधक किंवा धर्मप्रसारक लिहीत असत. एका गृहिणीने, मुलाबाळांसह केलेल्या प्रवासाची ही हकीकत वाचकांना नवी होती. स्वयंपाकघरात काय संपले, कोणत्या बंदरात भाजी मिळाली, मुलांचे धडे कुठवर आले, कोण आजारी पडले, अशा तपशिलांतून जग उलगडत जाते, हे या पुस्तकाचे बळ होते.

नौकेवरचा दिनक्रम

सनबीमवरील जीवन हे सुटीतील चैन नव्हते, तर पाण्यावर हलविलेले एक संपूर्ण बिऱ्हाड होते. मुलांचा अभ्यास, रविवारची प्रार्थना, पुस्तकांचा संग्रह, पाळीव कुत्रे आणि वाटेत मिळालेले पशुपक्षी, सारे तिथे होते. थॉमस दिवसरात्र नौकेच्या मार्गाकडे लक्ष देत. सूर्य आणि तारे यांच्या वेधांवरून स्थान निश्चित करणे, वाऱ्याचा अंदाज घेणे आणि शिडांची उघडमीट ठरविणे हे त्यांचे काम. घराची व्यवस्था, माणसांची प्रकृती, किनाऱ्यावरील भेटीगाठी आणि लेखन हे ॲना यांचे क्षेत्र होते.

छायाचित्रणाची कला त्यांनी परिश्रमपूर्वक आत्मसात केली होती. काचेच्या पट्ट्या, रसायने आणि अवजड कॅमेरा घेऊन त्या किनाऱ्यावर उतरत. हलत्या नौकेवर, उष्ण हवेत ती रसायने हाताळणे किती कष्टाचे असेल, याची आज कल्पनाच केलेली बरी. त्यांनी स्वतः काढलेल्या आणि जगभरातून जमविलेल्या छायाचित्रांचे सुमारे ७० संग्रह अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातल्या हंटिंग्टन ग्रंथालयात सुरक्षित आहेत. एकोणिसाव्या शतकातील बंदरे, बेटे आणि माणसे यांच्या अभ्यासकांना तो मोलाचा ठेवा वाटतो.

एवढे सारे करणाऱ्या या स्त्रीला समुद्र लागत असे, आणि तोही अखेरपर्यंत. वादळी हवेत त्यांना अंथरुणातून उठणे अशक्य होई. वर्षानुवर्षांच्या सवयीनेही हा त्रास पुरता गेला नाही. याशिवाय पूर्वेकडील एका जुन्या प्रवासात जडलेला हिवताप अधूनमधून उलटत असे. थंडी वाजून येणे, चढता ताप, घाम आणि मग अनेक दिवसांचा अशक्तपणा या चक्रातून त्या वारंवार जात. तरीही पुढच्या प्रवासाचा बेत निघाला की त्या तयारीला लागत. त्यांच्या धाडसाचे मोजमाप ओलांडलेल्या मैलांपेक्षा या गोष्टीवरून अधिक चांगले करता येते.

या जीवनाची दुसरी बाजूही नमूद करायला हवी. अशी नौका बाळगणे अतिधनिकांनाच शक्य होते. डोलकाठीवर चढणारे, यंत्राच्या भट्टीत कोळसा टाकणारे आणि भांडी घासणारे हात वेगळे होते. ज्या बंदरांत या कुटुंबाचे स्वागत होई, त्यांपैकी अनेक बंदरे साम्राज्याच्या अमलाखाली होती. ॲना यांचे लेखन वाचताना त्यांचे कुतूहल आणि त्यांच्या काळाच्या दृष्टीच्या मर्यादा, दोन्ही जाणवतात.

हिवाळा आणि उबदार किनारे

इंग्लंडमधील संसदेचे अधिवेशन त्याकाळी साधारणतः वर्षारंभी सुरू होऊन ऑगस्टपर्यंत चाले. त्यामुळे संसद सदस्य असलेल्या थॉमस यांना मोठ्या प्रवासासाठी मोकळे असत ते शरद आणि हिवाळ्याचे महिने. ॲना यांच्या छातीच्या विकारालाही नेमके हेच महिने बाधत. कामकाज आणि प्रकृती या दोहोंच्या सोयीने त्यांच्या संसाराला हिवाळी प्रवासाचे वळण लागले.

१८७४ आणि १८७८ मध्ये त्यांनी भूमध्य सागराचा पूर्व भाग, कॉन्स्टँटिनोपल आणि सायप्रस पाहिले. त्यावर आधारित 'सनशाइन अँड स्टॉर्म इन द ईस्ट' हे पुस्तक १८८० मध्ये निघाले. १८८३ च्या शरद ऋतूत त्यांनी मदेइरामार्गे कॅरिबियन समुद्राकडे प्रस्थान केले. युरोपातून तिकडे जाणाऱ्या शिडाच्या नौकांना ईशान्येकडून वाहणारे व्यापारी वारे साहाय्यभूत होतात. एकदा ते शिडात भरले की दिवसेंदिवस दोराला हात न लावता नौका पश्चिमेकडे सरकत राहते. त्रिनिदाद, व्हेनेझुएलाचा किनारा, जमैका, बहामा आणि बर्म्युडा असा फेरा करून, अझोर्स बेटांवरून ती वर्षअखेरीस परतली. परतीचा मार्ग मात्र उत्तरेकडील खवळलेल्या, थंड अटलांटिकमधून होता. सुमारे १४ हजार मैलांच्या या प्रवासाचे पुस्तक १८८५ मध्ये आले.

प्रत्येक हिवाळ्याचा हिशेब असा दुहेरी होता. इंग्लंडमध्ये राहावे तर छाती भरून येई. दक्षिणेकडे जावे तर ऊब मिळे, मोकळी हवा लाभे. परंतु त्या किनाऱ्यांवरच हिवतापाचे ठाणे होते. हा ताप नेमका कसा पसरतो, हे तेव्हा कोणालाच उलगडलेले नव्हते. दलदलीतून उठणारी दूषित हवा त्यास कारणीभूत असते, असाच सर्वसाधारण समज होता.

आजारपणाच्या या दीर्घ अनुभवातूनच ॲना यांनी एक सार्वजनिक कार्य अंगीकारले. अपघातग्रस्तांना डॉक्टर येईपर्यंत द्यावयाच्या प्रथमोपचारांचे शिक्षण सामान्य माणसांना मिळावे, यासाठी सेंट जॉन ॲम्ब्युलन्सची चळवळ त्यावेळी नव्याने सुरू झाली होती. त्यांनी तिला वाहून घेतले. ज्या बंदरात नौका थांबे, तिथे शक्य असल्यास सभा घ्यावी आणि प्रथमोपचाराचे वर्ग सुरू करण्याचे आवाहन करावे, असा त्यांचा परिपाठ झाला.

भारताच्या किनाऱ्यावर

१८८६ मध्ये थॉमस ब्रॅसी यांना उमराव पद मिळाले. त्यांची प्रकृती मात्र ढासळत चालली होती. दीर्घ सागरी प्रवासाने आणि उबदार हवेने त्यांना आराम पडेल, या आशेने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये भारत आणि ऑस्ट्रेलियाच्या मोहिमेस प्रारंभ झाला.

१८८७ च्या प्रारंभी हे कुटुंब भारतात होते. उत्तर भारतातील शहरे, हैदराबाद आणि पुणे पाहून ते मुंबईस आले आणि तेथून सनबीमने दक्षिणेकडे, गोव्याच्या दिशेने शिडे उभारली.

कोकण किनाऱ्यावरील हिवाळा हा शिडाच्या नौकांसाठी वर्षातील सर्वांत अनुकूल काळ होय. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा जोर ओसरलेला असतो, समुद्र निवळलेला असतो आणि आकाश स्वच्छ असते. रात्री जमीन लवकर थंड होते आणि पहाटेपर्यंत जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात. दुपारी जमीन तापली की समुद्रावरून खारे वारे सुटतात. या दोन वाऱ्यांच्या पाळ्या ओळखून किनाऱ्याकिनाऱ्याने जाण्याची रीत कोकणातील गलबतवाल्यांना पिढ्यानपिढ्या ठाऊक होती. मुंबई ते गोवा हे सुमारे ४०० किलोमीटरचे अंतर याच वाऱ्यांच्या आधारे कापले जाई. जंजिरा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग अशी जलदुर्गांची मालिका या मार्गालगत उभी आहे. याच किनाऱ्यावरील रत्नागिरीत ब्रह्मदेशाचे पदच्युत राजे थिबा यांना १८८६ पासून स्थानबद्ध करून ठेवण्यात आले होते. आणि सनबीमचा पुढील मार्ग त्याच ब्रह्मदेशाकडे जाणारा होता.

गोव्यानंतर श्रीलंका, रंगून, मोलमीन, पिनांग, सिंगापूर आणि बोर्निओ असा प्रवास झाला. उन्हाळा वाढत गेला, हवा दमट होत गेली. हिवाळ्यातील ऊब शोधीत निघालेली नौका आता विषुववृत्तालगतच्या पाण्यात होती. मे महिन्यात सनबीम पश्चिम ऑस्ट्रेलियातील ऑल्बनी बंदरात पोहोचली. ॲडलेड, मेलबर्न, सिडनी आणि ब्रिस्बेन येथे मोठे स्वागत झाले. ॲना यांचे नाव त्यांच्या पुस्तकांमुळे तिथे आधीच पोहोचले होते. प्रकृती साथ देत नसतानाही त्यांनी सेंट जॉन ॲम्ब्युलन्सच्या कार्यासाठी बैठका घेतल्या.

अखेरचे दिवस

ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरून प्रवाळांच्या रांगांमधून वाट काढीत नौका उत्तरेस निघाली. या टप्प्यात त्यांचा ताप पुन्हा बळावला. तरीही त्या दैनंदिनी लिहीत राहिल्या. ऑगस्ट १८८७ च्या अखेरीस ती थांबली. सप्टेंबरच्या प्रारंभी सनबीमने डार्विन बंदर सोडून मॉरिशसकडे प्रयाण केले. जवळचे बंदर शेकडो मैल दूर असताना त्यांची स्थिती झपाट्याने खालावली.

१४ सप्टेंबर १८८७ रोजी ॲना ब्रॅसी यांनी आपल्या नौकेवरच अखेरचा श्वास घेतला. त्यावेळी त्यांचे वय ४७ वर्षे होते. हिवतापाने त्यांचा बळी घेतला होता. उष्ण कटिबंधातील भर समुद्रात दुसरा मार्ग नव्हता. त्याच दिवशी सूर्यास्तसमयी, पती, मुले आणि खलाशी यांच्या उपस्थितीत त्यांचा देह सागराच्या स्वाधीन करण्यात आला. मृत लेकीच्या लाडक्या नावाच्या नौकेवरून आईने जगाचा निरोप घेतला.

थॉमस यांना शोक आवरून कप्तान म्हणून नौका पुढे न्यावी लागली. मुली बरोबर होत्या आणि घर अजून अर्ध्या जगाच्या अंतरावर होते. ॲना यांच्या अपुऱ्या राहिलेल्या लिखाणाचे संपादन पुढे लेडी ब्रूम यांनी केले आणि 'द लास्ट व्हॉयेज' हे पुस्तक १८८९ मध्ये प्रकाशित झाले. आपल्या मुलांना त्यांच्या आईची ओळख राहावी म्हणून थॉमस यांनी लिहिलेले एक छोटेखानी चरित्र त्यात समाविष्ट आहे.

दहा वर्षांनंतरचा शोध

ज्या हैदराबादला ॲना ब्रॅसी १८८७ मध्ये येऊन गेल्या, त्याच्या जुळ्या नगरात, सिकंदराबादेत, बरोबर १० वर्षांनी हिवतापाचे कोडे उलगडण्यास प्रारंभ झाला. अल्मोडा येथे जन्मलेले रोनाल्ड रॉस हे लष्करी डॉक्टर तिथे डासांचे विच्छेदन करीत होते. २० ऑगस्ट १८९७ रोजी त्यांना डासाच्या जठरात हिवतापाच्या परजीवीची अवस्था आढळली. पुढच्या वर्षी कोलकात्यात पक्ष्यांवर प्रयोग करून डासांच्या चाव्यातून हा रोग पसरतो हे त्यांनी सिद्ध केले. १९०२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

दोष हवेचा नव्हता, डासांचा होता. संध्याकाळी किनाऱ्यालगत नांगर टाकून उघड्या डेकवर गार वारा घेणाऱ्या कुटुंबाला हे कळते, तर साधी मच्छरदाणीही त्यांच्या कामी आली असती. क्विनीन तेव्हा उपलब्ध होते. परंतु रोग कसा पसरतो हेच अज्ञात असल्याने बचावाची दिशा सापडत नव्हती.

मागे उरलेल्या खुणा

ॲना यांनी जगभरातून जमविलेल्या वस्तूंचे संग्रहालय थॉमस यांनी लंडनमधील आपल्या निवासस्थानी उभारले. त्यासाठी त्यांनी जे दालन निवडले, ते भारतीय कारागिरांचे काम होते. १८८६ मध्ये लंडनमध्ये भरलेल्या वसाहती व भारतीय प्रदर्शनासाठी पंजाबातील भेरा येथील मुहम्मद बक्ष आणि मुहम्मद जुमा या कारागिरांनी लाकडावर सूक्ष्म कोरीवकाम करून दरबार हॉल घडविला होता. हा दरबार हॉल पुढे हेस्टिंग्जच्या संग्रहालयास लाभला आणि आजही तो तिथे पाहावयास मिळतो. पुस्तके ॲना यांच्या नावावर आहेत. ते लाकूड कोरणाऱ्या हातांची नावेही त्यांच्या स्मृतीबरोबर टिकून राहिली, ही समाधानाची बाब म्हणावी लागेल.

सनबीमचे आयुष्य तिच्या मालकिणीपेक्षा दीर्घ ठरले. १८९५ मध्ये थॉमस ब्रॅसी ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांताचे गव्हर्नर म्हणून गेले ते याच नौकेने. त्यांचे एक साहाय्यक अधिकारी फ्रीमन टॉमस हे त्यांचे जावई, मेरी यांचे पती होते. तेच पुढे लॉर्ड विलिंग्डन झाले. पहिल्या महायुद्धात थॉमस यांनी वयाच्या ऐंशीच्या घरात असताना जखमी सैनिकांच्या सेवेसाठी नौका भूमध्य सागरात नेली. १९१६ मध्ये त्यांनी ती भारत सरकारला रुग्णसेवेसाठी अर्पण केली. त्यावेळी मुंबईच्या गव्हर्नरपदी त्यांचेच जावई होते आणि गव्हर्नरांच्या निवासस्थानी मेरी होत्या. थॉमस यांचे १९१८ मध्ये निधन झाले. युद्धानंतर नौका पुन्हा इंग्लंडमधील मालकाकडे गेली आणि १९२९ मध्ये मोडीत काढण्यात आली.

आज डोलकाठी, शीड आणि होकायंत्र यांच्याबरोबर उपग्रहांचे मार्गदर्शन आणि हवामानाचे अंदाज हाताशी घेऊन अनेक दांपत्ये हिवाळ्याचे महिने उबदार किनाऱ्यांवर, छोट्या नौकांवर व्यतीत करतात. त्यासाठी आता ४० माणसांचा ताफा लागत नाही, की रेल्वे कंत्राटदाराची संपत्तीही लागत नाही. नौका हे घर होऊ शकते, तिथे मुले वाढू शकतात, स्वयंपाक आणि अभ्यास होऊ शकतो, हे सर्वसामान्य वाचकांना प्रथम पटवून देणाऱ्यांत ॲना ब्रॅसी यांचे स्थान अग्रभागी आहे.

त्यांनी समुद्राचा त्रास लपविला नाही आणि त्याची ओढही सोडली नाही. प्रथमोपचाराचे ज्ञान प्रत्येकाजवळ असावे, हा आग्रह त्या बंदरोबंदरी मांडत राहिल्या. परंतु त्यांच्या स्वतःच्या रोगावर त्या काळाजवळ पुरेसे ज्ञान नव्हते. ज्या नौकेवर त्यांनी प्राण सोडला, ती तीन दशकांनी रुग्णांच्या सेवेसाठी भारताच्या स्वाधीन झाली. मुलीच्या नावाने सुरू झालेल्या आणि आईच्या निधनाने थबकलेल्या या सागरकथेचा हा शेवट त्यांना निश्चितच भावला असता.